जीपचा डबा आणि कापसाचा बोळा

निखिल, मीरा,

गेल्या महिन्यात निखिलने त्याच्या गाडीचा फोटो पाठवला. बॉनेट उघडं आणि आत कोपऱ्यात एक चकचकीत निळा डबा, त्याला दोन रबरी नळ्या. खाली लिहिलं होतं, "आजी, हे काय आहे ओळख पाहू. बसवायला अख्खा शनिवार गेला." मी लगेच उत्तर दिलं, "तेल धरायचा डबा. छान बसवलायस." निखिलला वाटलं, आजीने शेजारच्या कुणाला तरी विचारलं. मी कुणालाही विचारलं नव्हतं. तसा एक डबा मी लग्नानंतरची पहिली काही वर्षं नंदुरबारला रोज पाहत होते, आणि त्या डब्याच्या बाबतीत मी एका माणसाचा मोठा अपराध केला. आजवर तो कुठे लिहिला नाही. तुमच्या आजोबांना सांगितला, तोही फार उशिरा. निखिलचा फोटो आल्यानंतर मी एक गोष्ट केली, ती शेवटी येईल. आधी क्रमाने लिहिते, नाहीतर माझ्या सोयीचं तेवढंच पुढे येईल.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. सगळं नंदुरबार त्यांना मिस्तरी म्हणायचं, मीही तसंच म्हणते.

मिस्तरी इंजिनला हात लावायचे तो उलटा. आपण तापलेल्या मुलाच्या कपाळाला तळहात लावतो. मिस्तरी बोटं मिटून हाताची मागची बाजू टेकवायचे, डोळे मिटायचे आणि मान थोडी कलती करायचे. मी एकदा विचारलं, "असा उलटा हात का?" ते म्हणाले, "तळहात आते मन्हा ऱ्हायना नही, बाई. पान्हासना व्हई गया. त्याले काही समजत नही." पान्हे धरून धरून तळव्याची कातडी इतकी जाड झाली होती की तिला गरम-गार कळत नव्हतं. मागच्या बाजूला मात्र सगळं कळायचं.

मग डोळे उघडून निकाल द्यायचे, "ताप शे," किंवा "काही नही, रुसेल शे." रुसलेलं इंजिन तासाभरात चालू व्हायचं. ताप असला तर दोन दिवस लागायचे.

तुमच्या आजोबांचा दवाखाना बाजारपेठेच्या टोकाला होता आणि मागे आमचं घर. मी पुण्याहून इंटर सायन्स होऊन आलेली. घरात इंग्रजी पुस्तकांची एक पेटी, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, प्रत्येक कामाला वार. तुम्ही माझ्या शिस्तीला हसता, तेव्हा तर ती नवी कोरी होती. गावातल्या बायका आपसात अहिराणीत बोलायच्या आणि मी आले की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, हा आदर आहे.

आजोबांकडे लष्कराच्या लिलावातली एक जीप होती. दर गुरुवारी ते तीत औषधांची पेटी टाकून नवापूरच्या बाजूला डोंगरातल्या गावांमध्ये जायचे. तिथले लोक सकाळपासून झाडाखाली येऊन बसायचे. जीप म्हातारी होती. सायलेन्सरमधून निळा धूर यायचा, प्लगवर तेल चढायचं आणि ती रस्त्यात कुठेही बंद पडायची. इंजिनची अंगं झिजली की जळलेला वायू खाली तेलाच्या टाकीत शिरतो आणि तेलाची वाफ घेऊन बाहेर पडायला बघतो. त्यासाठी एक नळी असते. ती नळी ही वाफ पुन्हा इंजिनच्या तोंडाशी नेते, आणि मग इंजिन हवेबरोबर आपलंच तेल पितं. निखिलच्या गाडीत आत हवा कोंबणारा पंखा आहे, त्यामुळे हा त्रास नव्या इंजिनलाही होतो, असं त्यानेच मला समजावलं. आमच्या जीपला पंखा नव्हता, वय होतं.

मिस्तरींनी काय केलं? बाळदुधाच्या पावडरीचा रिकामा डबा माझ्याकडून मागून नेला. त्याला वर दोन पितळी नळ्या डाखल्या, तळाला एक तोटी बसवली आणि पोटात लेथवरचा लोखंडाचा कीस भरला. नळी मध्ये कापून तिथे तो डबा जोडला. वाफ एका बाजूने आत येई, किसावर आपटून थंड होई, तेल खाली बसे आणि हवा दुसऱ्या नळीने पुढे जाई. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, ते तसंच राहिलं.

आजोबा म्हणाले, "मिस्तरी, हे बाळ माझ्या जीपमध्ये किती दिवस राहणार?"

"तेल पेस, डाक्टरसाहेब. गुटगुटीत ऱ्हाई."

निळा धूर आठवड्यात बंद झाला.

या दोघांची थट्टा कायम चालायची. मिस्तरी म्हणायचे, "तुमी जीभ दखतस, मी तेलनी काडी दखस. तुम्हना पेशंट खोटं बोलस. मन्हा बोलत नही." आजोबा म्हणायचे, "माझा पेशंट निदान चालत तरी येतो."

माझं आणि मिस्तरींचं नातं पुस्तकाचं होतं. जीपबरोबर एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, दुरुस्तीचं. मिस्तरींना मराठी अक्षर जेमतेम लागायचं, इंग्रजी अजिबात नाही. पण पुस्तकाबद्दल त्यांच्या मनात फार होतं. शनिवारी दुपारी ते ओसरीच्या पायरीवर येऊन बसायचे. "बाई, आज काय म्हंतस पुस्तकवाला?" मी एक परिच्छेद वाचायची आणि मराठीत सांगायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि एखाद्या होतकरू माणसाला शाबासकी द्यावी तसं म्हणायचे, "बरोबर म्हंतस." कधी नापसंतीही असायची. "हुशार शे, पन त्याले खानदेशनी धूळ ठाऊक नही."

पुस्तकात जागोजागी एक वाक्य यायचं, की अशा वेळी जवळच्या अधिकृत दुरुस्तीवाल्याकडे जावे. मिस्तरींनी विचारलं, "जवळना म्हंजे कोठला?"

"मुंबईचा असेल."

"मंग त्याले कागद लिखा, बाई. जवळना मीच शे."

त्या इंजिनमधल्या वाफेच्या नळीचं पान मी त्यांना वाचून दाखवलं होतं. ही वाट कायम मोकळी ठेवावी, ती बुजली तर आत दाब वाढून तेल बाहेर पडेल, असं त्यात स्पष्ट होतं. मिस्तरी तेव्हा म्हणाले होते, "बरोबर म्हंतस. तिले दम लेवाले जागा पाहिजे." हे मी आधीच सांगून ठेवते. मला माहीत नव्हतं असं नाही. मीच वाचलं होतं.

डब्यातलं तेल आठवड्यातून एकदा काढावं लागे. ते काम मी माझ्याकडे घेतलं, बुधवारी, गुरुवारच्या फेरीच्या आदल्या दिवशी. मिस्तरींनी मला तोटी दाखवली. "आठे वाटी धरा, आठे फिरावा. तेल पडी गयं का बंद करा. बाकी कसाले हात लावू नका, बाई." मला ते थोडं लागलं. मी इंटर सायन्स झालेली होते आणि हा माणूस मला वाटी धरायला शिकवत होता.

मिस्तरी स्वतः महिन्यातून एकदा डबा सोडवून धुवायचे. त्यांची एक रीत होती. डबा काढला की उघड्या पडलेल्या नळीच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून ते जिनिंगमधल्या (सरकी काढायच्या गिरणीतल्या) टाकाऊ कापसाचा बोळा खोचायचे. काम झालं की काढायचे. त्यांच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे अशा बोळ्यांनी फुगलेले असायचे. हात पुसायला, पाना पुसायला, नळी बुजवायला, सगळ्याला बोळा. आमच्या भागात कापूस इतका उडायचा की कुंपणाच्या काट्यांवरही अडकलेला दिसायचा. बोळा ही काही मोजायची वस्तू नव्हती.

एका मंगळवारी त्यांनी डबा धुऊन बसवला. बुधवारी मी वाटी घेऊन गेले. तेल थेंबभरच निघालं. मी सहज वरची नळी सोडवून आत डोकावले. किसाचे बारीक गंजलेले कण नळीच्या तोंडाशी आले होते. हे इंजिनात जात असणार, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. परीक्षानळीच्या तोंडाला आम्ही कापसाचा बोळा लावायचो. हवा जाते, धूळ अडते. किती सोपं! मी दवाखान्यातून स्वच्छ पांढरा कापूस आणला, नीट घट्ट बोळा केला, नळीच्या तोंडात बसवला आणि नळी पुन्हा जोडली. हात धुतले. शनिवारी मिस्तरींना सांगायचं ठरवलं. पुस्तकवाल्यालाही न सुचलेली सुधारणा! ते काय म्हणतील, ते मी मनात घोळवत होते. "बरोबर म्हंतस" माझ्याबद्दल त्यांनी अजून एकदाही म्हटलं नव्हतं.

परीक्षानळीत तेलाची वाफ नसते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. कापूस तेल पितो आणि तेल प्यायलेल्या घट्ट बोळ्यातून हवा जात नाही. त्या भागातलं शाळेत न गेलेलं माणूसही हे सांगू शकलं असतं, कारण त्याने समईची वात वळलेली असते. वात मीही वळत होते.

गुरुवारी नवापूरच्या अलीकडच्या चढावर जीप बसली. आत दाब वाढून सांध्या-सांध्यांतून तेल बाहेर गेलं होतं आणि कोरडं इंजिन जागच्या जागी आवळलं गेलं. तुमचे आजोबा औषधांची पेटी डोक्यावर घेऊन दोन मैल चालले. वाट पाहणाऱ्यांपैकी निम्मे लोक तोवर उठून गेले होते. जीप दोन बैलजोड्यांनी ओढत आणली, शनिवारी, बाजाराच्या रस्त्याने. सगळ्या नंदुरबारने ती पाहिली, आणि मिस्तरींची गाडी म्हणूनच पाहिली. लोक हसत होते. "मिस्तरीनं बाळ मांडीवर दमी गयं," असं कुणीतरी ओरडलं.

अंगणात मिस्तरींनी बॉनेट उघडलं. आजोबा उभे, कंपाउंडर उभे, औषधाला आलेले चार-सहा लोक उभे. मी दाराशी. मिस्तरींनी सरळ डब्यालाच हात घातला. नळी सोडवली. चिमट्याने आतून बोळा ओढून काढला. काळा, ठिबकणारा, सुपारीएवढा.

माझा कापूस पांढरा होता. तेल प्यायल्यावर तो आणि जिनिंगचा कापूस यांत काही फरक राहत नाही.

मिस्तरी त्या बोळ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते वर बघतील आणि विचारतील, "हाई कोनं लावं?" अशी माझी खात्री होती. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. निदान मी इतकी वर्षं स्वतःला तसं सांगत आले.

त्यांनी विचारलंच नाही. ते म्हणाले, "मन्हाच बोळा शे."

"काय?" आजोबा म्हणाले.

"मंगळवारले डबा धुया. बोळा काढाना ऱ्हायी गया मन्हा हातथीन."

तुमच्या आजोबांना मी चिडलेलं फार थोड्या वेळा पाहिलं. त्या दिवशी ते चिडले. माणसं ताटकळली, एक तापाचा मुलगा परत नेला, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. ते मिस्तरींना नेहमी 'तुम्ही' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "तुझ्या भरवशावर मी डोंगरात जातो. तुला कळतं का?"

मिस्तरी म्हणाले, "कळस, साहेब."

मी आत गेले आणि दूध उतू जाईल म्हणून चुलीपाशी उभी राहिले. चुलीवर दूध नव्हतं.

इथे मी तुम्हाला एक सांगते. मिस्तरी मला वाचवत नव्हते. त्यांना संशयच आला नव्हता. सज्जनपणाने दुसऱ्याचा दोष अंगावर घेणाऱ्या माणसापुढे आपल्याला लाज वाटते, पण त्याचं त्याला तरी माहीत असतं. मिस्तरींनी तो दोष खरा मानला. त्या मंगळवारी बोळा काढला होता का, हे त्यांना आठवेना. आणि त्यांची तर सगळी पुंजी हीच होती की हात चुकत नाही.

मी संध्याकाळी सांगणार होते. मग आजोबांचा राग उतरल्यावर. मग मिस्तरी एकटे असताना. तीन दिवसांनी 'तेव्हाच का नाही सांगितलं' हा प्रश्न मूळ चुकीपेक्षा मोठा झाला होता. खरं उत्तर इतकंच, की त्या अंगणात सगळ्यांत शिकलेली मी होते आणि मला ते तसंच राहायला हवं होतं.

इंजिन उतरवून पुन्हा उभं करायला मिस्तरींना तीन आठवडे लागले. त्या काळात एका शनिवारी ते पायरीवर आले. पुस्तक ऐकायला येतील असं मला वाटलं नव्हतं.

"बाई, ते नळीनं पान पुन्हा वाचा ना."

मी वाचलं. ही वाट कायम मोकळी ठेवावी. माझा आवाज नीट होता, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"त्यामा बोळानं काही लिखेल शे का?"

"नाही."

ते हसले. "नहीच लिखाव. त्याले काय सपन पडनं व्हतं, असा येडा कोठे ऱ्हाई म्हनीसन?"

मी पुस्तक मिटलं.  त्या दोन-तीन मिनिटांत आमच्याशिवाय ओसरीवर कुणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा कधी मिळाली नाही.

त्यानंतर मिस्तरी बदलले. पहिल्यांदा मला ते कळलं जीप सुरू झाली त्या दिवशी. काम आटोपून ते निघाले, वाणगल्लीच्या वळणापर्यंत गेले आणि परत आले. "एक डाव दखी लेस." डबा सोडवला, नळीत बोट घातलं, जोडला. निघाले. पुन्हा परत आले. कंपाउंडर हसायला लागले, "मिस्तरी, आता मुक्कामच करा." मिस्तरी हसले नाहीत. खिशातले सगळे बोळे काढून पायरीवर मांडले, मोजले आणि मोजून परत भरले.

मग ते सगळीकडेच मोजायला लागले. काम सुरू करताना मोठ्याने, संपवताना मोठ्याने. जिनिंगचं मोठं इंजिन तेच सांभाळायचे. हंगामात तिथे मिनिटाला किंमत. मिस्तरी चालू पट्टा थांबवायला लावायचे, एक बोळा कमी भरतो म्हणून. तो त्यांच्याच कानावर ठेवलेला निघायचा. पहिल्यांदा सगळे हसले. तिसऱ्यांदा जिनिंगच्या शेठनी दुसरा माणूस आणला. बसवाले, पिठाच्या गिरणीवाले हळूहळू दुसरीकडे जायला लागले. "मिस्तरी चांगला शे, पन त्यान्हा हात भ्याई गया," असं मी स्वतः बाजारात ऐकलं. भाजी घेत होते. घेतली आणि घरी आले.

सर्वांत वाईट म्हणजे ते इंजिनला हात लावायचे, उलटाच, डोळे मिटायचे, आणि मग निकाल द्यायच्या ऐवजी आजोबांकडे बघायचे. "तुमले काय वाटस, साहेब?" आजोबांना इंजिनमधलं काही कळत नव्हतं. ते म्हणायचे, "मिस्तरी, ते तुम्ही सांगायचं." राग केव्हाच गेला होता. 'तुम्ही' परत आलं होतं. पण मिस्तरी परत आले नाहीत.

मी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझा स्वभाव कळेल. मी त्या इंग्रजी पुस्तकाचं मराठी करायला बसले. मोठ्या अक्षरात, त्यांना लागेल असं, आकृत्या काढून. चार महिने रोज दुपारी लिहीत होते. दोन वह्या भरल्या. नळीच्या पानाशी आले तेव्हा लेखणी थांबली. तिथे समासात एक ओळ लिहिता आली असती. मी लिहिली नाही, पुढचं पान घेतलं.

वह्या दिल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या आणि कपाळाला लावल्या. म्हणाले, "आते याना काय उपेग, बाई? मी रनाळाले जाई ऱ्हायनू." रनाळ्याला त्यांच्या सासरवाडीची थोडी जमीन होती. तिथे डाखकाम करणार होते, रॉकेलच्या चिमण्या, नरसाळी, गळक्या घागरी. इंजिन नाही. "चिमणी गळनी तं कोन्ही डोंगरमा अडकत नही."

मग उठताना म्हणाले, "साहेब रागे भरनात, ते बरोबरच व्हतं. तुमी मातर कव्हयबी एक सबद बोलनात नही माले. ते मी ध्यानमा ठेवसू."

मी त्यांना चहा दिला. ते प्यायले आणि गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. रनाळं नंदुरबारपासून बसने तासाभराच्या आत आहे. आम्ही नंदुरबारला आणखी सात वर्षं होतो.

आजोबांना मी सांगितलं ते नाशिकला आल्यावर, तुमचा बाबा मॅट्रिक झाला त्या वर्षी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी त्याला 'तू' म्हणालो." एवढंच. त्यांच्या वाट्याचा अपराध त्यांनी आपल्याकडे घेतला आणि माझा माझ्याकडे राहू दिला. पत्र लिहू, जाऊ, असं दोघंही म्हणालो. पुढे आजोबा आजारी पडले. ही सबब नाही. आजारी पडण्याआधी नऊ वर्षं गेली होती.

आता निखिलच्या फोटोनंतर मी काय केलं ते. शेजारच्या मुलीला सांगून भाड्याची गाडी ठरवली आणि रनाळ्याला गेले. तुमच्या बाबाला कळवलं नाही, त्याने जाऊ दिलं नसतं. गावात मिस्तरींचं घर विचारलं तर एका म्हाताऱ्याने सांगितलं की मिस्तरी जाऊन तीस वर्षं झाली, पण त्यांच्या मुलीचं दुकान स्टँडजवळ आहे, विहिरीवरच्या मोटारी आणि डिझेल पंप दुरुस्त करते.

ती साठीची असेल. बारीक, चष्मा दोऱ्याने बांधलेला, पदर खोचलेला. समोर एक पंप उघडून पडला होता. मी कोण ते सांगायच्या आधी बाकावर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसा मावशी, एवढं व्हवू द्या." मग पंपाच्या तोंडांत चिंध्यांचे बोळे खोचायला लागली, मोठ्याने. "एक. दोन. तीन. चार." भिंतीवर पाटी होती, तिच्यावर खडूने चार लिहिलं. काम झाल्यावर तसेच काढले. "एक, दोन, तीन, चार." पाटी पुसली.

मी विचारलं, "हे कशासाठी?"

"आम्हना बाना नेम शे. त्यास्ना हातथीन एक डाव बोळा आत ऱ्हायी गया व्हता. डाक्टरनी गाडी बसनी. मरस तवलगून सांगेत, मोजीसन घाल, मोजीसन काढ. मन्हासारखी व्हऊ नको."

मी सांगितलं. सगळं, या क्रमाने नाही, उलटंसुलटं. मी त्या डॉक्टरांची बायको. बोळा माझा होता. तुझ्या वडिलांनी त्यांचा काढला होता. त्यांचा हात चुकला नव्हता.

तिने हातातला पाना खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. बाहेर एक ट्रॅक्टर थांबला, कुणीतरी "आक्का, पंप व्हयना का?" म्हणून ओरडलं. तिने हाताने थांब म्हटलं.

"माय रे," ती म्हणाली. मग, "ते तं इंजनवाला व्हतात. मन्हा जलमपासून मी त्यास्ले घागरीच डाखतांना दखं."

"हो."

"आनि तुमी साठ वरीस काय करत व्हतात?"

मी म्हणाले, "काही नाही."

तिने मला पाणी दिलं. पुढे रागही दाखवला नाही आणि मायाही दाखवली नाही. मला त्यातलं काही मागायचा अधिकार नव्हता. निघताना मी म्हणाले, "आता मोजायची गरज नाही. ती चूक त्यांची नव्हतीच."

ती म्हणाली, "मंग काय मोजनं सोडी देऊ? माले त्यास्नीच शिकाडेल शे." आणि ट्रॅक्टरवाल्याचा पंप पुढे ओढला.

निखिल, तुझ्या डब्याच्या नळ्या मोकळ्या आहेत ना, ते एकदा बघ. बाकी मला तुम्हाला काही शिकवायचं नाही. जीप मोडीत गेली, त्या दोन वह्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. रनाळ्याच्या दुकानात बोळे अजून मोजून घालतात आणि मोजून काढतात.